पदवी नाही, पण परदेशात इंग्रजी शिकवायचंय

(वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांच्या उन्हाळी मेळाव्यात केलेलं भाषण)



ताईंनी मला विषय दिला होता 'करिअर मार्गदर्शन'. या नावाची भाषणं तुम्ही आश्रमशाळेत पुष्कळ ऐकली आहेत आणि त्यातली काही मीच दिली आहेत, म्हणून तो विषय आज जरा बाजूला ठेवतो. आज एकाच नोकरीबद्दल बोलणार आहे. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं, तेही बारावीवर, कॉलेजची पदवी नसताना. गेल्या दीड वर्षात आपल्या पाच माजी मुलामुलींनी मला याबद्दल विचारलं. पाचही जणांच्या मोबाईलवर कुठून ना कुठून तरी ऑफर आली होती.

त्यांतली एक इथेच बसली आहे. तिची परवानगी घेऊनच सांगतो, नाव मात्र घेत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा फोन आला.

"दादा, मला थायलंडला टीचरची नोकरी लागली."

"अरे वा! पण तुझी डिग्री कुठे झाली आहे?"

"डिग्री लागत नाही म्हणाले. इंग्रजी बोलता आलं की झालं."

पगार महिन्याला ८०,००० रुपये, राहणं-जेवण फुकट. आधी १,२०,००० भरायचे. त्यातले १५,००० तिने भरून टाकले होते. बाकीचे कुठून आणणार, असं विचारलं तर म्हणाली, "बाबा मुकादमाशी बोललेत."

नवापूरकडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण हे भाषण पत्रिकेत छापणार आहेत म्हणून सांगतो. पाऊस संपला की आपल्याकडची कुटुंबं बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. मुकादम आधी उचल देतो आणि हंगामभर तोडणी करून ती फेडायची असते. मोठी उचल घेतली तर एका हंगामात फिटत नाही. म्हणजे पोरगी थायलंडला 'गुड मॉर्निंग' शिकवणार आणि तिच्या नोकरीची फी म्हणून आईबाप दोन-तीन वर्षं फडात. धाकटा भाऊ तेव्हा आपल्याच वसतिगृहात सातवीत होता. त्याचं काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी तिच्यावर रागावलो नाही. रागवायचा मला हक्कच नव्हता, कारण मी स्वतः हेच करून आलो आहे.

२००३ साली मी बावीस वर्षांचा होतो. बारावीनंतर दोन वर्षांचा थिऑलॉजीचा डिप्लोमा केला होता. माझा नागालँडचा एक वर्गमित्र थायलंडला इंग्रजी शिकवत होता. ईशान्येकडची बरीच तरुण मुलं तिकडे जातात. त्यांचं इंग्रजी चांगलं असतं आणि देशही त्यांना जवळचा. तो म्हणाला, "ये, इथे टीचर हवेत." मी उधारीवर तिकीट काढून गेलो. शाळा खाजगी होती, उदॉन थानी या गावात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात. पगार १२,००० बाट. डिग्री कुणीही विचारली नाही.

शिकवायला मला फार आवडलं, हे आधी सांगतो. वर्गात पन्नासेक पोरं. मी आत गेलो की सगळी उठून एका सुरात "गुड मॉर्निंग टीचर" म्हणायची. थाई मुलं इंग्रजी शब्दाचा शेवटचा व्यंजन गिळतात, 'र' आणि 'ल'ची गल्लत करतात. मला त्यात नवल वाटलं नाही. मी पहिलीत गेलो तेव्हा घरी मावची बोलायचो आणि गुरुजी मराठीत बोलायचे. वर्षभर मी नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. न कळणाऱ्या भाषेच्या वर्गात बसलेल्या पोराच्या पोटात काय होतं, हे आपल्याला आतून माहीत असतं. लंडनहून आलेल्या माणसाला ते माहीत नसतं. इथे बसलेली तुम्ही सगळी मुलं तीन-चार भाषा शिकून मोठी झालात. या कामासाठी ती मोठी पुंजी आहे, आणि मी हे तुम्हाला खूष करायला म्हणत नाही.

पण पालकांना हवा होता 'फरांग'. गोऱ्या परदेशी माणसाला तिकडे तसं म्हणतात. आपल्यासारख्यांना 'खेक' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ पाहुणा, पण म्हणणाऱ्याच्या सुरावरून तो मानाचा पाहुणा नाही हे कळतं. शाळेच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढला, तेव्हा मला मागच्या रांगेत उभं केलं. छापून आला त्यात माझा एक कान दिसत होता.

आता खरी गोष्ट. मी गेलो होतो पर्यटक व्हिसावर. ६० दिवसांचा तो व्हिसा, पुढे ३० दिवस वाढवून मिळाले. ते संपल्यावर नोंग खाईच्या पुलावरून मेकाँग नदी ओलांडून लाओसला जायचं, व्हिएन्तिआनच्या थाई वकिलातीपुढे रांग लावायची आणि पुन्हा पर्यटक व्हिसा घेऊन परत यायचं. फॉर्मवर प्रवासाचा हेतू विचारलेला असतो. मी देवशब्दाचं शिक्षण घेतलेला माणूस, आणि त्या रकान्यात 'पर्यटन' लिहिलं. शाळेत मला सांगितलं होतं, "ही तर सेवाच आहे, सेवेला परमिट कशाला?" मलाही तेच ऐकायचं होतं.

तिसऱ्या महिन्याचा पगार आला नाही. चौथ्याचाही नाही. मी विचारायला गेलो तर साहेबांनी हसत, अगदी गोड आवाजात विचारलं, "तुझ्याकडे वर्क परमिट आहे का?" एवढंच. मी खोलीवर गेलो आणि बॅग भरली. पोलिसात कुठल्या तोंडाने जाणार? गुन्हा माझाही होता.

परतताना बँकॉकमध्ये खाओ सान रस्त्यावर गेलो. तिथे तेव्हा फुटपाथवर टेबल टाकून खोटी ओळखपत्रं, खोटी लायसन्सं, खोट्या पदव्या करून देत. मी एका टेबलापाशी थांबलो आणि बी.ए.चा भाव विचारला. घेतली नाही. पैसे नव्हते म्हणून घेतली नाही की मन झालं नाही म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

तेव्हा मला जे कुणी सांगितलं नाही, ते आज तुम्हाला सांगतो. शाळा डिग्री विचारो न विचारो, व्हिसा विचारतो. थायलंडमध्ये शिक्षकाला वेगळा व्हिसा लागतो, तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी लागते, वर्क परमिट लागतं. आणि या साखळीत पदवीचा कागद कुठेतरी मागितला जातोच. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना वर टोइकसारख्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. परमिट नसताना काम करताना सापडलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड, मायदेशी रवानगी, आणि दोन वर्षं नवं परमिट बंद. म्हणून एजंट जेव्हा म्हणतो "आधी टुरिस्टवर जा, तिकडे बदलून देऊ", तेव्हा तो तुम्हाला माझ्या त्या बॅग भरण्याच्या दिवसाचं तिकीट विकत असतो.

व्हिएतनाममध्ये परमिटसाठी पदवी आणि वर शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं. चीनमध्ये पदवी लागते आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्याच पासपोर्टला पसंती. कोरियात खाजगी इंग्रजी वर्गांवर शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, आणि त्या सातांत भारत नाही. जपान पदवी तर मागतोच, शिवाय आपल्यासारख्यांनी किमान बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेलं असावं लागतं. आश्रमशाळेच्या मुलाला तो दरवाजा पदवी घेऊनही उघडत नाही. आखातातल्या भारतीय शाळा सहसा बी.एड. मागतात. कुणी म्हणेल हा अन्याय आहे. आहेच. पण एजंटला १,२०,००० दिल्याने तो दूर होत नाही.

मग बारावीवाल्याला काहीच नाही का? आहे, थोडं आहे.

नेपाळ आहे. १९५० च्या करारामुळे भारतीय माणसाला तिथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. तिथल्या खाजगी इंग्रजी शाळांत दार्जिलिंग-कालिम्पाँगकडचे, केरळचे शिक्षक कित्येक वर्षं काम करत आले आहेत. लहान वर्गांना शिकवायला पदवीपेक्षा तुमचा वर्ग बघून घेणाऱ्या शाळा सापडतात. पगार मात्र बेताचा, आणि तो नेपाळी रुपयांत सांगतात. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे एक रुपया साठ पैसे, हा भाव ठरलेला आहे. म्हणजे १६,००० ऐकून उडी मारू नका, ते आपले १०,००० झाले. कंबोडियाचं नावही ऐकाल. तिथे पदवीचा आग्रह कमी असतो हे खरं. पण वर्क परमिट तिथेही लागतं, आणि त्या देशाबद्दल दुसरं जे सांगायचं आहे त्यावर मी येतोच.

प्रमाणपत्रांबद्दल नेहमी विचारलं जातं. मोबाईलवर दोन-तीन हजारांत 'टेफल सर्टिफिकेट' देणाऱ्या जाहिराती येतात. त्यातून थोडंफार शिकायला मिळतं, नाही असं नाही, पण ते पदवीच्या जागी चालत नाही. जगभर ज्याला खरोखर मान आहे असा एक कोर्स म्हणजे केंब्रिजचा सेल्टा. त्याला पदवीची अट नाही. वय १८ पूर्ण, बारावीपर्यंतचं शिक्षण आणि उत्तम इंग्रजी लागतं, आणि प्रवेशाआधी मुलाखत घेतात. १२० तासांचा कोर्स, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवून दाखवावं लागतं. फी मात्र लाखाच्या घरात जाते. ज्याचं इंग्रजी आधीच पक्कं आहे त्यानेच तो विचार करावा, आणि सेल्टा झाला तरी व्हिसाची पदवीची अट तशीच राहते हे लक्षात ठेवावं. घरबसल्या ऑनलाईन शिकवण्याचं काम पदवीशिवाय मिळू शकतं, पण चीनने २०२१ मध्ये परदेशातून त्यांच्या शाळकरी मुलांना शिकवणं बंद केल्यापासून त्यातलं मोठं गिऱ्हाईक गेलं. आणि आपल्या गावात रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं, तेव्हा ते राहू द्या.

आपल्याच लोकांबद्दलही एक बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. मंडळ्यांमधून आणि मिशन संस्थांमधून "तीन महिने तिकडे जाऊन इंग्रजी शिकवा, सेवा होईल" अशी आमंत्रणं येतात. मनं चांगली असतात. पण थायलंडसारख्या देशात बिनपगारी कामालाही परमिट लागतं. प्रार्थना करून निघालं तरी इमिग्रेशनच्या खिडकीवर पर्यटक व्हिसाचा शिक्षक व्हिसा होत नाही. जी संस्था बोलावते तिने कागदपत्रं करावीत. "ते तिकडे आल्यावर बघू" असं कोणी पाळकसाहेब म्हणाले तरी थांबायचं.

बायबल कॉलेजला गेलेल्या मुलांनो, तुमच्याकडच्या 'बी.टीएच.'चंही नीट विचारून घ्या. सेरामपूरच्या सिनेटच्या पदव्यांमागे १९१८ चा कायदा आहे. पण अनेक बायबल शाळांच्या कागदाला मंडळीत मान असला तरी विद्यापीठाच्या पदवीचा दर्जा नसतो. माझा डिप्लोमा तर डिप्लोमाच. फॉर्मवर 'पदवी' हा रकाना आला की मी आजही तिथे आडवी रेघ मारतो.

आता ती दुसरी गोष्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला की थायलंडमधल्या चांगल्या पगाराच्या नोकरीचं आमिष दाखवून मुलांना बेकायदा सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेतात आणि ऑनलाईन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. थायलंडचं माए सोत गाव, मध्ये एक नदी, पलीकडे म्यावाड्डी. कंबोडियातही तेच चालतं. तिथून सुमारे २५० भारतीयांना सोडवल्याचं सरकारने मार्च २०२४ मध्ये सांगितलं. आणि मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी माए सोतहून ५४९ भारतीयांना परत आणलं. ही मुलं अडाणी नव्हती. तिथे दिवसभर कॉम्प्युटरवर बसून परदेशी माणसांना जाळ्यात ओढायचं असतं, त्यासाठी इंग्रजी येणारी मुलंच लागतात. जाहिरात कधी 'डेटा एन्ट्री' म्हणून येते, कधी 'डिजिटल मार्केटिंग' म्हणून. 'टीचर' म्हणून येणार नाही असं कुणी सांगावं? नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना थायलंडला फिरायला जायला व्हिसाही लागेनासा झाला. फिरणाऱ्यांची सोय झाली, तशी या लोकांचीही झाली.

त्यात एक गोष्ट आपल्याकडे कुणाला ठाऊक नसते. ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. तो माणूस आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा १८ देशांत नोकरीला निघाला तर आधी सरकारची परवानगी लागते, कागद तपासले जातात. तुम्ही दहावी पास, म्हणून तुम्हाला ती तपासणी नाही. शिकलात म्हणून सरकारने तुम्हाला मोकळं सोडलं आहे. तेव्हा तपासणी तुम्हीच करायची.

कशी करायची, ते त्या दिवशी आम्ही कसं केलं त्यावरून सांगतो. मी मोटारसायकल काढून त्यांच्या पाड्यावर गेलो. बाबा अंगणात बसले होते, माझ्याशी धड बोलेनात. आम्ही दोघांनी तिच्या मोबाईलवर सरकारची ई-मायग्रेट वेबसाईट उघडली. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी तिथे असते. बेकायदा एजंटांची यादीही असते. आमच्या माणसाचं नाव परवान्याच्या यादीत नव्हतं. परवानाधारक एजंटलाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. याने १,२०,००० मागितले होते आणि पंधरा हजारांची पावती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक अंगठा.

ऑफर लेटरवर एका शाळेचं नाव होतं. तिचं म्हणणं, "दादा, शाळा खरी आहे, मी फोटो बघितलेत." शाळा खरीच होती. मी म्हटलं, लेटरवरचा ईमेल सोडून दे, शाळेच्या स्वतःच्या वेबसाईटवर जो पत्ता आहे त्यावर लिही. इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा चांगलं आहे, पत्र तिनेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: अशी कुठलीही जागा आमच्याकडे नाही आणि या माणसाला आम्ही ओळखत नाही.

पंधरा हजार गेले. ठाण्यात तक्रार दिली आहे, अजून हाती काही नाही. ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही. तिला वाटलं दादांनी माझं स्वप्न मोडलं. मोडलंच होतं. बाबा दरवर्षीसारखे ऊसतोडीला गेले, पण नेहमीची लहान उचल घेऊन, आणि धाकटा इथे वसतिगृहातच राहिला. यंदा तो आठवी पास झाला.

तिने ऑगस्टमध्ये नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. काम करत करत तीन वर्षांत ती पदवी होते आणि ती खरी विद्यापीठाची पदवी असते. पहिल्या वर्षाची परीक्षा आत्ताच देऊन आली आहे. संध्याकाळी आपल्या अभ्यासवर्गात ३१ पोरांना इंग्रजी शिकवते. मी मागे बसून दोनदा ऐकलं. ती नवा शब्द आधी मावचीत सांगते, मग इंग्रजीत, आणि मराठी मधे आणतच नाही. मला हे कधी सुचलं नव्हतं. तीन वर्षांनी ती थायलंडला जाईल, व्हिएतनामला जाईल, की इथेच राहील, ते ती ठरवेल. जायचं तर कागद तिचे असतील.

आणि मी? मीही तिशीत त्याच विद्यापीठात नाव घातलं होतं. दुसऱ्या वर्षाला सोडलं. हसू नका. तिने माझाही फॉर्म आणून टेबलावर ठेवला आहे.

जेवणानंतर ऑफिसात लॅपटॉप चालू ठेवतो. ज्याच्याकडे बाहेरच्या देशातली कुठलीही ऑफर आली असेल, शिक्षकाची असो नाहीतर हॉटेलची, त्याने मोबाईल घेऊन यावं. एजंटचं नाव यादीत आहे का ते आपण बसून शोधू. घरी गेल्यावर विचारायचं झालं तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर लिहून घ्या: १८००-११-३०९०. प्रवेशाचे फॉर्म ताईंकडे आहेत. दहावी-बारावीची मार्कलिस्ट, जातीचा दाखला आणि आधार कार्ड लागेल. आईबापांनी उचलीबद्दल काही बोलायचं असेल तर तेही या, पोरांसमोर नको असेल तर वेगळं बसू.